अर्ध्या प्रतीचा नियम

एर्सिलिया आल्किंताने आयुष्यात दोनच गोष्टी मोजल्या. एकतीस वर्षं द्राक्षांची साखर, आणि निवृत्त झाल्यापासून ताऱ्यांचा उजेड. दोन्ही ठिकाणी लोकांनी तिच्याशी घासाघीस केली आणि दोन्ही ठिकाणी ती कुणाला बधली नाही.

पिस्को, म्हणजे द्राक्षांची दारू, गाळणाऱ्या सहकारी कारखान्याच्या फाटकावर तिची खुर्ची असायची. मार्च उजाडला की एल्कीच्या खोऱ्यातून द्राक्षांचे ट्रक रांग लावायचे. ती प्रत्येक ट्रकमधून तीन घोस काढायची, एक वरचा, एक मधला, एक तळाचा. रस पिळायची, साखर बघायची नळी उजेडाकडे धरायची आणि आकडा सांगायची. मग लोक आदराने दोन्या, म्हणजे बाईसाहेब, म्हणायचे आणि रडगाणं सुरू.

"दोन्या एर्सी, अर्धा अंश तरी वाढवा हो. पहाटे दव पडलं होतं, त्याने रस पातळ झालाय."

"मग त्या दवाला पाठवा माझ्याकडे. त्याच्याशी बोलते मी."

सख्ख्या मेव्हण्याचा ट्रकसुद्धा तिने एकदा कमी अंशावर उतरवून घेतला होता. मेव्हण्याने दोन वर्षं तिच्याशी अबोला धरला. तिची मोठी बहीण क्लोरिंदा, म्हणजे त्याची बायको, त्या दोन वर्षांत दर रविवारी चोरून भेटायला येई. आता तो मेव्हणा या जगात नाही आणि दोघी बहिणी दियागीतासमधल्या एकाच घरात राहतात. अबोला संपला तो त्याच्या आजारपणात, पण त्या ट्रकचा अंश एर्सिलियाने शेवटपर्यंत बदलला नाही.

दुर्बीण तिने साठीला घेतली. दुर्बीण म्हटलं की लोकांना लांब नळी आणि एक डोळा मिटलेला म्हातारा आठवतो. ही तसली नव्हती. पावाच्या डब्याएवढी पेटी, तीन पायांवर ठेवायची, फोनवर ताऱ्याचं नाव टाकायचं, की ती आपणच मान वळवून तो तारा शोधून काढते आणि दर दहा सेकंदांना एक फोटो घेत राहते. शेजारणी बघायला यायच्या तेव्हा एर्सिलिया त्यांना फोटोंवर फोटो रचून झालेलं तेजोमेघाचं रंगीत चित्र दाखवायची. त्या गेल्या की मग खरं काम. रंगीत चित्रात पेटी आपल्या मनाने उजेड वाढवते, कमी करते, म्हणून मोजणीला ते कवडीच्या कामाचं नाही. मोजायचं ते कच्च्या फोटोंवर. त्यातला फक्त हिरवा रंग घ्यायचा, आपल्या ताऱ्याभोवती एक वर्तुळ काढायचं, आसपासच्या, ज्यांचा उजेड आधीच पक्का ठाऊक आहे अशा दोन-चार ताऱ्यांभोवती तशीच वर्तुळं, मधल्या काळ्या आभाळाचा उजेड वजा, आणि मग तुलना.

उत्तर येतं ते प्रतीमध्ये. प्रतीचा हिशेब उलटा, आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी. द्राक्षांच्या अंशांवर आयुष्य काढलेल्या बाईला हे पचवायला महिना लागला. पण पचल्यावर तिचा हात असा बसला, की तोच तारा पुन्हा मोजला तर दुसरा आकडा पहिल्याला सहसा सोडून जात नसे.

बरेच तारे असे आहेत की त्यांचा उजेड कमीजास्त होतो, आणि तो रोज मोजायला मोठ्या वेधशाळांना सवड नसते. ते काम हौशी लोक करतात. खोऱ्यात असे पाच जण होते. गटाचा म्होरक्या नोल्बेर्तो तिरादो, व्हिकुन्याच्या शाळेतून निवृत्त झालेला भौतिकशास्त्राचा मास्तर. त्याला सगळे प्रोफे म्हणत. खोऱ्याच्या पार वर मोंतेग्रांदेला येर्को नावाचा बसचालक होता. खाली समुद्रकाठी, ला सेरेनात, जुळे भाऊ होते, दातांचे डॉक्टर. आणि मध्ये दियागीतासला एर्सिलिया. प्रोफेच्या शिकवण्यावरच सगळे तयार झाले होते, एर्सिलियासुद्धा. त्याने तिला वर्तुळं काढायला शिकवलं होतं, आणि ते उपकार ती मानत होती.

तरी गेल्या ऑक्टोबरपासून दोघांमध्ये एक कुसळ होतं.

ऑक्टोबरात एर्सिलियाने कुंभ राशीतला एक तारा मोजला, तो एकदम दीड प्रतीने उजळलेला दिसला. तिने आनंदाने सगळ्या जगाला कळवलं. दुसऱ्या दिवशी कळलं की ताऱ्याला काही झालेलं नव्हतं. एक लघुग्रह नेमका त्या रात्री त्याच्या अंगावरून सरकत होता, आणि तिच्या वर्तुळात दोघांचा उजेड एकत्र मोजला गेला होता. ही चूक नवशिक्या मोजणाऱ्यांकडून होते, अनुभवी लोक आधी लघुग्रहांची यादी बघतात. फोनवरच्या गटात हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. जुळ्या भावांनी तिचं नाव लघुग्रहवाली ठेवलं. प्रोफे हसला नाही, त्याने नियम केला. यापुढे कुणाचाही आकडा आदल्या दिवशीच्या आकड्यापेक्षा अर्ध्या प्रतीहून जास्त वेगळा आला, तर तो बाहेर पाठवायचा नाही, तक्त्यात लिहायचा नाही, आधी प्रोफेला दाखवायचा.

"मी तुम्हा सगळ्यांच्या भल्यासाठी करतोय," प्रोफे म्हणाला होता. "एकाच्या घाईने पाचांची अब्रू जाते."

एर्सिलियाने मान डोलावली. चूक तिची होती, ती तिने कबूल केली होती. पण नियम तिला तेव्हाच खटकला होता. वेगळा आकडा हाच गुन्हा असेल तर मग मोजायचं कशाला, कालचाच आकडा उतरवून काढावा.

मे महिन्यात गटाला पहिलं खरं काम मिळालं. डोंगरावरच्या मोठ्या वेधशाळेतली खगोलशास्त्रज्ञ डॉक्टर आमाया इरिबारेन नरतुरंग तारकासमूहातल्या एका ताऱ्याची वाट बघत होती. गट त्या ताऱ्याला दोर्मिलोना म्हणायचा, म्हणजे झोपाळूबाई. हा तारा एकटा नाही, त्याला जोडीदार आहे, आणि जोडीदाराकडून ओढून घेतलेला वायू त्याच्याभोवती साठत राहतो. वर्ष-दीड वर्ष काही घडत नाही. मग एका रात्री तो साठा पेटतो आणि तारा काही तासांत कितीतरी पटींनी उजळतो. ही झोपाळूबाई कधी जागी होणार हे कुणालाच सांगता येत नाही. आमायाला ती जागी होतानाच, उजेड चढत असतानाच बघायची होती. मोठ्या दुर्बिणीच्या रात्री दुसऱ्यांना वाटून दिलेल्या असतात, आणि तिला एकदाच, फक्त एकदा, दुसऱ्याचं काम थांबवून मध्ये घुसायची परवानगी मिळाली होती. त्यासाठी ती दोन वर्षं अर्ज करत होती. खोटी हाळी ऐकून ती एक वेळ वाया गेली, तर पुन्हा दोन वर्षं अर्ज.

म्हणून रोज रात्री साडेनवाच्या आत गटाने तिला एक शब्द कळवायचा होता. झोपली आहे, किंवा उठली. कळवायचं प्रोफेने. आमायाचं पत्र मात्र पाचही जणांना आलं होतं आणि खाली तिचा फोन नंबर होता.

त्या मंगळवारी क्लोरिंदा चुलीवर मेंब्रिल्यो आटवत होती. मे महिन्यात ही पिवळी, आंबट फळं घरोघर येतात आणि साखरेत ढवळून ढवळून त्यांच्या वड्या पाडतात. घरभर तो वास. दोघींनी चहा घेतला, आवोकादो चुरून लावलेला पाव खाल्ला, आणि एर्सिलिया अंगणात पेटी मांडायला गेली. आभाळ स्वच्छ होतं. नरतुरंग आग्नेयेला वर आला होता. आठ वाजता तिने पहिले फोटो उतरवून घेतले आणि मोजले.

चौदा पूर्णांक एक.

काल पंधरा पूर्णांक दोन होतं.

ती खुर्चीत सरळ बसली. तिच्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल तर ऑक्टोबर. जुळ्या भावांचं हसणं तिला ऐकू आल्यासारखं झालं. मग तिने ते बाजूला ठेवलं आणि ती कामाला लागली. लघुग्रहांची यादी बघितली. नरतुरंगात लघुग्रह सहसा फिरकत नाहीत, आणि आज तर त्या बाजूला एकही नव्हता. पहिला फोटो आणि शेवटचा फोटो एकमेकांवर ठेवून पाहिले, तारा जागचा हलला नव्हता. तुलनेचे तारे बदलून बघितले, दुसरे चार घेतले. चौदा पूर्णांक एक. शेजारचा, उजेड कधी न बदलणारा एक सरळमार्गी तारा मोजला, तो रोजच्याएवढाच आला, म्हणजे पेटी ठीक. मग अर्धा तास थांबून नवीन फोटो घेतले.

तेरा पूर्णांक सात. म्हणजे बाई उठली होती आणि चढत होती.

तिने सगळ्यांचा सामायिक तक्ता उघडला. आजच्या तारखेसमोर चार जणांनी एकच शब्द लिहिला होता. धुकं, धुकं, धुकं, धुकं. तिने प्रोफेला फोन लावला.

"प्रोफे, दोर्मिलोना उठली."

प्रोफेने विचारलं, "किती?"

"आठला चौदा एक, साडेआठला तेरा सात."

"दोन्या एर्सिलिया, आज खोऱ्यात धुकं आहे. तक्ता बघा. चौघांकडे धुकं, आणि तुमच्याकडे तारा उजळतोय?"

"माझ्या अंगणात धुकं नाही. क्षितिजापर्यंत तारे आहेत."

"विरळ असलं तर डोळ्यांना कळत नाही. तुलनेचे तारे त्यात दबतात आणि..."

"दबले तर सगळे सारखे दबतील की हो. एकाच वर्तुळाएवढं भोक ठेवून धुकं पडतं का?"

"लघुग्रह—"

"यादी बघितली. दोनदा."

प्रोफेचा आवाज चढला. "हे बघा, ती डॉक्टरबाई आपल्यावर विसंबून आहे. तिला एकच संधी आहे. मी तुमच्या एकटीच्या आकड्यावर ती उधळू देऊ? ऑक्टोबरनंतर? आज कळवायचं नाही. उद्या सगळ्यांनी मोजू, मग बघू."

"उद्या ती चढून बसलेली असेल. चढताना बघायची आहे तिला."

"नियम आहे, दोन्या एर्सिलिया. आणि तुम्ही परस्पर कळवलंत तर मग या गटात तुम्ही नाही. मला वाईट वाटेल, पण नाही."

त्याने फोन ठेवला. एर्सिलियाचे कान तापले. नऊला दहा मिनिटं होती. क्लोरिंदा लाकडी डाव हातात घेऊन दारात उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं.

"गटातून काढतोय का तुला?"

"म्हणतो तरी."

"मग गप्प बस ना आज. तारा काय पळून जातोय?"

"पळूनच जातोय, क्लोरी. हाच तारा पळून जातो."

गप्प बसणं तिला जमणारं नव्हतं, पण आंधळेपणाने उडी मारणंही तिच्यात नव्हतं. ती तक्त्याकडे बघत राहिली. चार धुकी. जुळ्या भावांचं धुकं खरं असणार, ते समुद्राच्या कुशीतच राहतात, संध्याकाळी कामांचाका, समुद्रावरचं ते दाट धुकं, त्यांच्या गच्चीवर चढतंच. व्हिकुन्याचं कदाचित खरं, तिथवर ते कधीमधी पोचतं. पण मोंतेग्रांदे?

समुद्रावरून निघालेलं धुकं खोऱ्याने वर सरकतं. आधी ला सेरेना, मग व्हिकुन्या, मग दियागीतास, आणि त्याच्याही कितीतरी वर, डोंगरांच्या घळीत मोंतेग्रांदे. तिथे पोचायला त्याला तिच्या अंगणावरून जावं लागलं असतं. आणि मोंतेग्रांदेला धुकं आलेलं तर तिच्या आजीनेही कधी ऐकलं नव्हतं.

तिने येर्कोला फोन लावला.

"येर्को, धुकं कसं आहे रे तिकडे?"

"अं... आहे थोडं."

"घरासमोरचा डोंगर दिसतोय?"

"दिसतोय."

"डोंगराच्या वरचे तारे?"

येर्को नुसताच खाकरला.

"पोरा, मी एकतीस वर्षं ट्रकवाल्यांची तोंडं बघून काढली आहेत. किती आला आकडा?"

"दोन्या एर्सी, हसू नका. माझं काहीतरी चुकलं असणार. सात चाळीसला चौदा पूर्णांक चार आला. काल पंधरा दोन होतं ना? म्हटलं, पेटीच्या काचेवर दव असेल, नाहीतर मीच चुकीच्या ताऱ्याभोवती वर्तुळ काढलं. प्रोफेंना दाखवायचं म्हणजे तासभर बोलणी खायची, तुम्हाला ऑक्टोबरात कसं पिंजून काढलं ते बघितलंय मी. मग लिहिलं धुकं. उद्या पहाटे साडेपाचला पहिली बस आहे माझी."

एर्सिलियाला राग आला आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की तिला खुर्चीवरून उठावं लागलं. वेगळी जागा, वेगळी पेटी, वेगळे डोळे. सात चाळीसला चौदा चार, आठला चौदा एक, साडेआठला तेरा सात. तीन ठिपके एकाच चढावर.

"कच्चे फोटो ठेवलेस का पुसलेस?"

"आहेत सगळे. फोटो कशाला पुसू?"

"मला पाठव. आत्ता. आणि तुझं नाव घेऊन मी पुढे कळवतेय, चालेल ना?"

"प्रोफे मला मारतील."

"आधी मला मारतील. तोवर तू बस घेऊन निघून जाशील."

येर्कोचे फोटो आले. तिने स्वतः मोजले. चौदा पूर्णांक चार. मग पत्राच्या तळाशी असलेला नंबर तिने लावला. नऊ वाजून पंधरा मिनिटं झाली होती.

"डॉक्टर इरिबारेन? मी दियागीतासहून एर्सिलिया आल्किंता. तुमची दोर्मिलोना उठली आहे."

"तिरादो सर कुठे आहेत? ते कळवणार होते."

"त्यांना पटलेलं नाही. ते म्हणतात थांबा. मी म्हणते थांबू नका." आणि तिने तिन्ही आकडे, तिन्ही वेळा, कोणाचे कुठून, कुठल्या ताऱ्यांशी तुलना केली, सगळं सांगितलं.

आमाया हळू बोलत होती, पण तिच्या आवाजात ताण कळत होता. "सेन्योरा, माझ्याकडे एकच संधी आहे. म्हणून एक विचारते, राग मानू नका. तुमची अशी खबर आधी कधी चुकली आहे?"

एर्सिलियाला थोडक्यात निभावून नेता आलं असतं. "हो," ती म्हणाली. "ऑक्टोबरात. लघुग्रह होता, मी यादी बघितली नव्हती. आज दोनदा बघितली आहे. लोक अजून त्यावरून माझी टिंगल करतात."

आमायाने तिन्ही आकडे पुन्हा म्हणून बघितले.

"आज चुकला असाल असं वाटतंय का तुम्हाला?"

"नाही."

"बरं," आमाया म्हणाली. "मी त्यांना थांबवते."

फोन बंद झाला. एर्सिलिया पुन्हा मोजत बसली, कारण दुसरं काय करायचं ते तिला सुचेना. नऊ चाळीसला तेरा पूर्णांक एक. क्लोरिंदाने गरम वडीचा तुकडा बशीत आणून ठेवला, तो तसाच राहिला. पावणेअकराला आमायाचा निरोप आला, एकाच शब्दाचा. उठली.

क्लोरिंदाने बहिणीला मिठी मारली, हाताला मेंब्रिल्यो लागलेलं होतं तरी. एर्सिलिया रडली. थोडंसंच, पण रडली.

सकाळी आमायाचं मोठं पत्र पाचही जणांना आलं. रात्रभर दोर्मिलोना चढत होती आणि मोठ्या दुर्बिणीने तिचा उजेड तासातासाला वेगवेगळ्या रंगांत फोडून बघितला होता. तिने सगळ्यांचे आभार मानले होते. शेवटी एक विनंती होती. चढ नेमका कुठून सुरू झाला ते कुणालाच सापडलेलं नाही. सात चाळीसच्या आधीचा एखादा फोटो, कसाही, कुणाकडे आहे का? असेल तर तो या सगळ्यात सर्वात मोलाचा. आणि पहिली खबर देणाऱ्या एर्सिलियाबाईंनीच तो तक्ता तयार करून जाहीर करावा, कुणी आधी पाहिलं त्या क्रमाने.

अकराच्या बसने प्रोफे आला. बस येर्कोचीच होती. प्रोफे उतरताच येर्कोने खिडकीतून एर्सिलियाला हात केला आणि काही विचारायच्या आत बस हाकली. प्रोफेने टाय लावला होता. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्याच्या गळ्यात टाय कुणी बघितला नव्हता. क्लोरिंदाने त्याला अंगणात बसवलं आणि चहा विचारला, तो नको म्हणाला. खिशातून त्याने एक छोटी मेमरी-स्टिक काढली आणि मेजावर ठेवली.

"सहा पन्नासपासून आहेत," तो म्हणाला. "सात वीसपर्यंत."

एर्सिलिया स्टिककडे बघत राहिली, मग त्याच्याकडे.

"काल तुमच्याकडे धुकं होतं."

"नव्हतं."

"किती आला होता?"

"सात वीसला चौदा सहा. आदल्या दिवसापेक्षा सहा दशांश वेगळा. नियमाच्या बाहेर." प्रोफे कोरडं हसला. "मला वाटलं, माझं वय झालं, हात चुकला. नियम मीच केलेला. माझा आकडा मी कुणाला दाखवणार? आणि तुम्ही फोन केलात तेव्हा... तेव्हा मला ठाऊक होतं, दोन्या एर्सिलिया. निम्मं तरी ठाऊक होतं. पण मग मला सांगावं लागलं असतं की मी माझा आकडा पुसून धुकं लिहिलं. ते तोंडातून बाहेर पडेना."

"आणि मला म्हणालात गटाबाहेर काढतो."

"म्हणालो."

"तुमच्या हातात तोच तारा होता, प्रोफे!" तिने मेजावर हात आपटला, कप हलले. "माझ्याआधी चाळीस मिनिटं होता! मला ऑक्टोबरवरून ऐकवत होतात आणि आकडा तुमच्या खिशात होता! अहो, मी चुकले तेव्हा निदान उघड्यावर चुकले."

प्रोफेने मान खाली घातली. त्या माणसानेच तिला वर्तुळं काढायला शिकवलं होतं. तिचा राग ओसरला नाही, पण तिने स्टिक उचलली आणि लॅपटॉपला लावली.

फोटो नितळ होते. प्रोफेचे फोटो नेहमीच नितळ असत. तिने एकेक मोजायला घेतला. सहा पन्नासला पंधरा दोन, अजून झोपलेली. सहा अठ्ठावन्नला पंधरा एक. सात पाचला चौदा नऊ. सात वीसला चौदा पूर्णांक सहा. बाईने डोळे उघडले तो क्षण, सगळा या स्टिकवर होता. जगात दुसऱ्या कुणाकडे तो नव्हता. तिने तुलनेचे तारे बदलून पुन्हा मोजलं, आकडे हलले नाहीत.

"बरोबर आहेत तुमचे आकडे," ती म्हणाली.

"माझं नाव घालू नका," प्रोफे म्हणाला. "फोटो जाऊ देत, नाव नको. मी ते फेकलेलं होतं. पहिली खबर तुम्ही दिली, तुमचंच नाव वर जायला हवं. कुणीही हेच म्हणेल."

"अगं, मग घाल ना वर," क्लोरिंदा म्हणाली. "स्वतःच सांगतोय तो. तुझ्यामुळेच तर झालं सगळं. याला काय म्हणून मान?"

एर्सिलियाने तक्ता उघडला. पहिल्या रकान्यात वेळ होती, दुसऱ्यात प्रत, तिसऱ्यात नाव. वरच्या ओळीत आल्किंता कसं दिसेल ते तिने मनात लिहूनही बघितलं. छान दिसत होतं.

मग तिने लिहिलं. सहा पन्नासपासून सात वीसपर्यंत, नोल्बेर्तो तिरादो, व्हिकुन्या. सात चाळीस, येर्को मारिंकोविच, मोंतेग्रांदे. आठ, एर्सिलिया आल्किंता, दियागीतास.

प्रोफेने चष्मा काढून वाचलं, मग पुन्हा घालून वाचलं. "तुम्ही तिसऱ्या?"

"वेळ बघा ना."

"पण सांगितलं तुम्ही. आम्ही दोघं तर..."

"तुम्ही काय केलंत ते तुम्ही गटात लिहा. आजच लिहा, आणि तो नियमही आजच काढून टाका. इथे फक्त कोणी कधी पाहिलं ते जाणार." तिने एकदा वरून खाली नजर फिरवली. डोळे भरून आले तसे तिने ते पुसले, लपवायचा प्रयत्न केला नाही. "मला पहिलं यायचं होतं, प्रोफे. खूप वर्षं यायचं होतं," ती म्हणाली, आणि तक्ता तसाच पाठवून दिला.